इवल्याशा प्रतिकृतीला कोणता रंग द्यावा?

एप्रिल महिना उजाडला की आमच्या झरी जामणीकडच्या मोहल्ल्यांतून एकच लगबग सुरू होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी चित्ररथ सजतो, विहाराच्या भिंतींना रंग लागतो, आणि कुठल्या तरी ओसरीवर पोरं-पोरी पुठ्ठा, माती, प्लॅस्टर घेऊन बसलेली दिसतात. कोणी दीक्षाभूमीचा स्तूप करते, कोणी चैत्यभूमी, कोणी महाडचे चवदार तळे. घडविण्याचे काम मुले मन लावून करतात. घोटाळा होतो तो रंगाच्या वेळी. घरात जो डबा उरला असेल तो उघडायचा आणि जो ब्रश हाती लागेल तो बुडवायचा, ही आपली रीत. मग चार दिवसांची मेहनत एका रात्रीत वाया जाते.

ही रीत मी स्वतः मोडेपर्यंत मलाही फार किंमत मोजावी लागली. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आज थोडे रंगाविषयी बोलू.

गुळासारखा विरघळलेला घुमट

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. त्यानंतरच्या पहिल्याच जयंतीला, म्हणजे २००२ साली, आम्ही मोहल्ल्यातील सहा-सात पोरांनी त्या स्तूपाची प्रतिकृती करायचे ठरविले. मी तेव्हा बी.कॉम. शिकत होतो. वर्गणी गोळा केली, थर्मोकोल आणला, रात्र रात्र जागून घुमट कापला. १२ एप्रिलच्या रात्री रंग द्यायला बसलो. दाराला मारून उरलेला ऑइल पेंटचा पांढरा डबा मीच घरून आणला होता. रंग घट्ट झाला होता म्हणून त्यात टर्पेंटाइनही मीच ओतले.

पहिला हात मारला आणि पाहतो तो काय! घुमटाला खड्डे पडू लागले. जिथे ब्रश लागेल तिथे थर्मोकोल पावसात भिजलेल्या गुळाच्या भेलीसारखा आत आत जाऊ लागला. अर्ध्या तासात स्तूपाची चाळणी झाली. आमच्यातला सर्वांत लहान पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "दादा, काहून असं झालं जी?" मला उत्तर देता आले नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी कळले, की ऑइल पेंटमधील व टर्पेंटाइनसारख्या पातळ करणाऱ्या द्रावणांत थर्मोकोल विरघळतो. चूक थर्मोकोलची नव्हती, रंगाचीही नव्हती. दोघांचे जमत नाही हे न पाहता मी त्यांची गाठ घातली होती.

आता तर थर्मोकोलचा प्रश्नच उरलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्मोकोल वापरण्यास बंदी घातली आहे. परंतु त्या रात्रीचा धडा पुठ्ठा, माती, लाकूड, प्लॅस्टर या सर्वांना लागू आहे. रंग निवडायचा तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात: रंगाच्या खाली काय आहे, आणि रंगविलेली वस्तू कोणाच्या हातात जाणार आहे. डब्यावरचे चित्र आणि किंमत त्यानंतर.

खाली काय आहे ते आधी पहा

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती म्हणजे टिपकागद. ती रंगातले पाणी क्षणात पिऊन टाकते. त्यामुळे पहिला हात डागाळलेला, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. पुठ्ठ्याचेही तसेच, शिवाय फार पाणी लागले तर तो वाकडा होतो. कच्ची माती पाण्याने पुन्हा मऊ होते. लाकडाला रेषा असतात, त्या रंगाखालून डोकावतात. म्हणून कोणत्याही प्रतिकृतीला रंगाआधी अस्तर हवेच.

अस्तरासाठी महागड्या डब्याची गरज नाही. फेविकॉलसारखा पांढरा गोंद एक भाग व पाणी तीन ते चार भाग असे पातळ करून प्लॅस्टरच्या मूर्तीला एक हात द्यावा. वाळला की मूर्तीची तहान भागते. पुठ्ठा, माती, लाकूड यांच्यासाठी याच गोंदात वस्त्रगाळ केलेली खडूची पूड कालवून ताकाएवढे पातळ अस्तर करावे आणि दोन हात द्यावेत. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने, म्हणजे २२० किंवा ३२० नंबरच्या, हलक्या हाताने घासावे. घासताना नाका-तोंडावर रुमाल बांधावा, कारण ती धूळ छातीत जाऊ नये.

आपल्या भागात चुना मुबलक. वणीजवळच्या राजूरच्या चुन्याने कित्येक पिढ्यांच्या भिंती पांढऱ्या झाल्या. साहजिकच "चुनाच का मारू नये?" असे कोणी विचारते. भिंतीला चुना उत्तम. परंतु लहान प्रतिकृतीवर तो हाताला लागतो, बोट फिरवले की निघतो, त्याच्या क्षारामुळे काही रंग फिके पडतात, आणि ओला चुना मुलांच्या हाताला व डोळ्याला भाजतो. तेव्हा मुलांच्या कामात खडूची पूडच बरी.

ओलाव्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या ओळखीच्या एक ताई शेतमजुरी सांभाळून बुद्धाच्या व बाबासाहेबांच्या वीतभर उंचीच्या प्लॅस्टर मूर्ती रंगवीत आणि अशोक विजयादशमीच्या सुमारास विकत. एका वर्षी पावसाळ्यात त्यांनी कच्च्या मूर्ती आणल्या, घाईने ऑइल पेंट दिला, आणि महिन्याभरात रंगाचे पापुद्रे निघू लागले. घेऊन गेलेल्या दोन बाया मूर्ती परत घेऊन आल्या. ताईंनी पैसे परत दिले, पण म्हणाल्या, "भाऊ, पैशाचं जाऊ द्या जी, पण बाबासाहेबाच्या तोंडावरचं रंग गेलेलं पाहून जीव तुटला." मूर्तीच्या पोटातला ओलावा बाहेर यायला वाट शोधत होता. वरून ऑइल पेंटचे बंद कातडे बसले होते. ते सुटणारच! तेव्हा प्लॅस्टरची मूर्ती गालाला लावून पहावी. गार लागली तर आत पाणी आहे असे समजावे व आणखी दोन-चार दिवस हवेशीर सावलीत ठेवावी. या परीक्षेला पैसा लागत नाही.

रंगांची ओळख

बाजारात रंगांची गर्दी असली तरी आपल्या कामापुरत्या चार जाती ओळखल्या म्हणजे पुरे.

पहिला पोस्टर कलर. शाळेच्या दप्तरातून तो सर्वांच्या ओळखीचा. स्वस्त, झाकणारा, मुलांना सोपा. परंतु वाळल्यावरही पाणी लागले की पुन्हा विरघळतो. घामेजल्या हाताने प्रतिकृती उचलली की बोटांचे ठसे उमटतात. पुठ्ठ्याच्या, न हाताळायच्या प्रतिकृतीला चालेल. मूर्तीला नको.

दुसरा अ‍ॅक्रिलिक. ओला असताना पाण्यात विरघळतो आणि वाळला की पाण्याला दाद देत नाही. ब्रश साध्या पाण्याने धुतला जातो, उग्र वास नाही. कापडावर नक्षी काढण्यासाठी बायका ज्या लहान बाटल्या आणतात ते फॅब्रिक कलर बहुधा अ‍ॅक्रिलिकच असतात. फेविक्रिल, कॅमल ही नावे घरोघरी आहेत. यांतील कॅमल हे नाव कॅम्लिनचे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई करण्यापासून तो उद्योग सुरू केला होता. लहान प्रतिकृतीसाठी माझे मत विचाराल तर शंभरातल्या नव्वद वेळा अ‍ॅक्रिलिकच घ्यावा.

तिसरा एनॅमल, म्हणजे आपला ऑइल पेंट. टिकाऊ, चकचकीत, दारे-खिडक्या व लोखंडासाठी चांगला. परंतु वाळायला रात्र लागते, तेवढ्यात धूळ चिकटते. उघड्यावर ठेवायच्या लोखंडी वा लाकडी प्रतिकृतीला तो उपयोगी. त्यात रॉकेल मिसळण्याची खोड आपल्याकडे आहे. रॉकेलने रंग लवकर वाळत नाही व तेजही मरते. पातळ करायचाच तर डब्यावर सांगितलेले द्रावणच घालावे, चुलीपासून दूर बसावे, दारे उघडी ठेवावीत.

चौथी सोनेरी भुकटी. मूर्तीला सोन्याची झळाळी यावी म्हणून ती तेलात किंवा वार्निशमध्ये कालवतात. ही भुकटी सोन्याची नसून बहुधा तांबे-जस्ताच्या मिश्रणाची असते. काही काळाने काळवंडते किंवा हिरवट होते, आणि कोरडी उडाली की श्वासात जाते. तिच्याऐवजी बाटलीत तयार मिळणारा सोनेरी अ‍ॅक्रिलिक घ्यावा.

परदेशात लहान प्रतिकृती रंगविणे हा मोठ्या माणसांचा छंद आहे. ब्रिटनमधील एअरफिक्सने १९५२ साली जहाजाच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीचा पहिला संच काढला आणि तेव्हापासून विमाने, जहाजे, सैनिक जोडून रंगविणारी घरे तयार झाली. त्यांच्यासाठी ब्रिटनचे हंब्रोल, जपानचे तामिया, स्पेनचे वायेहो असे खास रंग निघतात. बोटभर उंचीच्या शिपायाच्या गणवेशाची घडीही बुजू नये म्हणून हे रंग बारीक दळलेले असतात. ते आपल्याला परवडणारे नाहीत आणि त्यांची गरजही नाही. त्या लोकांची एक सवय मात्र फुकट घेता येते. ते एक जाड हात कधीच देत नाहीत, दोन-तीन पातळ हात देतात. जाड रंग बुद्धाच्या मिटलेल्या पापण्या व ओठांवरचे हसू बुजवून टाकतो. दुधाएवढा पातळ रंग ते जपतो.

पैनगंगेपलीकडचा धडा

इतक्या दूर ब्रिटनला तरी कशाला जावे? आपल्या तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते. ती ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो आणि आदिलाबादहून साधारण ८० किलोमीटरवर निर्मल आहे. तिथली लाकडी खेळणी देशभर प्रसिद्ध आहेत. तिथले नक्काश कारागीर पोनिकी नावाचे हलके लाकूड घेतात, ते चांगले सुकवून त्यातला ओलावा घालवतात, वेगवेगळे भाग कोरतात आणि चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते जोडतात. त्याच लगद्याने उंचसखलपणा भरून घेतात. त्यावर पांढऱ्या मातीचे अस्तर. ते वाळवून घासल्यावर शेवटी रंग. पूर्वी हे रंग वनस्पती व खनिजांपासून घरीच करीत. नंतर तयार रंग आले.

यात आपल्यासाठी शिकवण आहे ती अशी, की निर्मलचा सीताफळाचा किंवा पोपटाचा रंग पाहून आपण थक्क होतो, पण कारागिराचा बहुतेक वेळ रंगाआधीच्या कामात गेलेला असतो. वाळवणे, भरणे, घासणे, अस्तर देणे. आपल्या घरात चिंचोके आहेत, भुसा आहे. प्रतिकृतीतल्या फटी भरण्यासाठी विकतचा मसाला आणण्याआधी हा लगदा करून पहावा.

डब्यातले विष

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही माता-भगिनींनी अवश्य वाचावी.

रंग चमकदार व टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत जगभर होती. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा या रंगांत ती विशेष. शिसे हे विष आहे. लहान मुलाच्या शरीरात ते मोठ्या माणसाच्या चार-पाच पट अधिक शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालते. मुलाचे लक्ष लागत नाही, शिकलेले ध्यानात राहत नाही, स्वभाव चिडका होतो. शिशाचे अमुक एक प्रमाण सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घातले, त्या समाजाच्या घरात मुलाची बुद्धी खाणारा डबा असू नये, एवढे तर आपण पाहिलेच पाहिजे.

भारत सरकारने २०१६ साली घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाबाबत नियम केले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यानुसार अशा रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये आणि तसे डब्यावर छापणे बंधनकारक आहे. म्हणून डबा घेताना तीन गोष्टी पहाव्यात. शिशाविषयीची ओळ आहे का? उत्पादकाचे नाव व पत्ता आहे का? तयार केल्याचा महिना व वर्ष आहे का? सुटा, बिननावाचा, दुसऱ्या डब्यात ओतून दिलेला रंग कितीही स्वस्त असला तरी प्रतिकृतीसाठी घेऊ नये. माळ्यावर पडलेले जुने डबे मुलांच्या हाती देऊ नयेत. जुन्या रंगविलेल्या वस्तू कोरड्या घासू नयेत, कारण विष त्या धुळीत असते. घासायचीच तर पाणी लावून घासावी व पुसलेला फडका टाकून द्यावा.

मूर्ती रंगविणाऱ्या ताईंना मी हेच सांगितले. त्यांची दीड वर्षाची नात रंगाच्या वाट्यांजवळच रांगत असे. आज ताई अ‍ॅक्रिलिक वापरतात, रंगकामाची जागा चुलीपासून व पोरीच्या अंथरुणापासून वेगळी केली आहे, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावीत नाहीत. पावसाळ्यात मूर्ती घेणेही त्यांनी बंद केले. त्यानंतर त्यांच्याकडे एकही मूर्ती परत आलेली नाही.

'स्किन कलर' कोणाच्या अंगाचा?

मागील वर्षी एका सातवीतल्या मुलीने चवदार तळ्याची प्रतिकृती केली. २० मार्च १९२७ चा प्रसंग. मातीची बोटभर उंचीची बरीच माणसे तळ्याकाठी उभी होती. सर्वांचे चेहरे गुलाबी! मी विचारले, "बेटा, ही माणसे कुठली गं?" ती म्हणाली, "आपलीच ना काका." "मग गुलाबी काहून?" तिने रंगाची डबी दाखविली. "याला स्किन कलर म्हणतात. दुकानदारानं हाच दिला."

मी डबी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. युरोपातल्या माणसाच्या कातडीचा गुलाबी-पिवळसर रंग, आणि त्याला नाव सरळ 'अंगाचा रंग'. जणू जगात दुसरे अंगच नाही! आपल्या मूर्तिकारांच्या हातूनही हेच होते. बाबासाहेबांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यामुळे मूर्तीवरचा रंग छायाचित्रातून येत नाही, रंगविणाऱ्याच्या ब्रशातून येतो. मग कोणी गुलाबी करते, कोणी पांढराफटक.

त्या मुलीला मी माझा हात पुढे करायला लावला व म्हटले, याच्यासारखा रंग कर. आम्ही दोघांनी बसून मिश्रण केले. विटकरी तपकिरी दोन भाग, मातकट पिवळा एक भाग, पांढरा एक भाग. गव्हाळ रंग झाला. पांढरा कमी केला की सावळा. त्यात निळ्याचा अगदी टाचणीच्या टोकाएवढा थेंब घातला की आणखी गडद, आणि तोच गालाखाली, मानेखाली सावलीला चालतो. मग तिने एकेका माणसाला वेगळा रंग दिला. कोणी गव्हाळ, कोणी सावळा, कोणी काळाभोर. तिची आजी पाहायला आली आणि एका बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "हे तर माह्या सासूवानी दिसते." त्या प्रतिकृतीला बक्षीस मिळाले की नाही हे सांगणे मला महत्त्वाचे वाटत नाही.

बाबासाहेबांच्या कोटासाठी निळा थेट बाटलीतून लावू नये, तो झगझगीत दिसतो. गडद निळ्यात किंचित काळा मिसळावा. लहान वस्तूवर रंग मोठ्या वस्तूपेक्षा गडद भासतो, म्हणून प्रत्येक मिश्रण मनात योजल्यापेक्षा थोडे फिके ठेवावे. स्तूपालाही निव्वळ पांढरा देऊ नये. पांढऱ्यात मातकट पिवळ्याचा एक थेंब घातला की दगडाचा भास होतो. प्रतिकृतीवर पंचरंगी ध्वज लावणार असाल तर क्रम चुकवू नका: काठीकडून निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि सहावा पट्टा याच पाच रंगांचे आडवे तुकडे, वर निळा. १८८५ साली श्रीलंकेत हा ध्वज प्रथम फडकला. इवल्याशा कागदावर हे सहा पट्टे काढताना पट्टी व टोकदार पेन्सिलीने आधी आखून घ्यावे.

ब्रश व उन्हाळा

बारीक काम म्हटले की लोक सर्वांत बारीक, तीन शून्यांचा ब्रश मागतात. हा गैरसमज आहे. इतक्या बारीक ब्रशात रंगच मावत नाही, आणि आपल्या एप्रिलच्या ४०-४२ अंशांच्या उन्हात तो वस्तूपर्यंत पोचण्याआधीच टोकावर वाळतो. २ नंबरचा गोल ब्रश घ्या, पण त्याचे टोक पाण्यात बुडवून झटकल्यावर सुईसारखे एकवटते का ते दुकानातच पहा. त्याच्यासोबत ४ नंबरचा गोल व ६ नंबरचा चपटा, एवढे तीन पुरेत. डोळ्यांसाठी १ नंबर किंवा आगकाडीचे तासलेले टोक.

ब्रश नायलॉनसारख्या कृत्रिम केसांचा घ्यावा. काही ठिकाणी मुंगसाच्या केसांचे ब्रश चोरून विकले जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये मुंगसाला संरक्षण आहे. असा ब्रश विकणे, बाळगणे गुन्हा आहे, आणि एकेका ब्रशामागे मुक्या प्राण्याची हत्या आहे. बुद्धाची मूर्ती रंगविणाऱ्या हातात तो शोभत नाही.

ब्रश पेल्यात केसांवर उभा ठेवू नये, टोक कायमचे वाकते. काम झाले की साबण लावून गार पाण्याने धुवावा व बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवावा. रंगही उघड्या वाटीत घेऊ नये. जेवणाच्या जुन्या डब्याच्या झाकणात ओले फडके घालून त्यावर बटरपेपर पसरावा आणि रंगाचे थेंब त्यावर घ्यावेत. खालचा ओलावा रंगाला तासन् तास जिवंत ठेवतो.

कामाचा क्रम

आधी अस्तर. मग मोठ्या जागांचा मूळ रंग, दोन पातळ हात. तो वाळल्यावर तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून घड्यांत व खाचांत सोडावा व वरचा लगेच पुसून घ्यावा. खाचेत सावली उरते. नंतर ब्रशाला फिका रंग लावून तो कागदावर जवळजवळ कोरडा करावा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. केसांच्या लाटा, कोटाची घडी, स्तूपाच्या पायऱ्या लगेच उठून दिसतात. डोळे, चष्मा, पुस्तकाची कड सर्वांत शेवटी. मनगट टेबलाला टेकवून श्वास सोडताना रेघ काढावी, हात कापत नाही. पूर्ण वाळल्यावर बिनचमकीचे अ‍ॅक्रिलिक वार्निश एक हात.

थोडा हिशेब

मी कारकून माणूस, हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. दीक्षाभूमीच्या स्तूपाची उंची व व्यास १२० फूट सांगतात. १०० फुटांना १ फूट असे प्रमाण धरले तर प्रतिकृती सव्वा फुटाच्या आतच, सुमारे ३६ सेंटिमीटर व्यासाची होते. घुमट अर्धगोल धरून त्याचे क्षेत्रफळ काढू. त्रिज्या १८, तिचा वर्ग ३२४, त्याला २२/७ व दोनाने गुणले की साधारण २,०३६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका चौरस मीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा. लिटरभर रंग एका हातात १० चौरस मीटरला पुरतो असे धरले, तर आपल्या घुमटाला एका हातासाठी २० मिलिलिटर पुरेत. तीन हातांना ६० मिलिलिटर. आणि आपण लिटरचा डबा आणतो!

म्हणून लहान बाटल्या घ्याव्यात, आणि सहाच: पांढरा, काळा, लाल, मातकट पिवळा, गडद निळा, विटकरी तपकिरी. पांढरा मात्र मोठ्या बाटलीचा, कारण सर्वांत आधी तोच संपतो. केशरीसाठी एक उजळ पिवळी बाटली जादा घेतली तर उत्तम. बाकी सर्व छटा यांतून होतात. आमच्याकडे हे सामान वणी किंवा पांढरकवड्याहून आणावे लागते. तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून एक संच घ्यावा व विहारात ठेवावा. वाचलेल्या पैशातून दोन चांगले ब्रश येतात.

२००२ च्या त्या रात्री रडवेला झालेला पोरगा आज स्वतः बाप आहे. गेल्या जयंतीला त्याने आपल्या लेकीसोबत पुठ्ठ्याचा स्तूप केला. पाहायला गेलो तर घुमटावर अजून रंग नव्हता, नुसतेच पांढरे अस्तर. मी म्हटले, "उद्या मिरवणूक आहे, रंग कधी देतेस गं?" लेकीने घुमटाला गाल लावला आणि मलाच उत्तर दिले, "थांबा ना आजोबा. अजून गार लागते."

जय भीम.